डॉलरची बोलणी आणि खोलीतली माणसं: निक्सन, १९६९ ते १९७३

२ मार्च १९७० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी हाल्डेमन, अर्लिकमन आणि सुरक्षा सल्लागार किसिंजर या व्हाइट हाउसमधल्या आपल्या तीन जवळच्या माणसांना एक टिपण पाठवलं. राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर काय यावं आणि काय येऊ नये, एवढाच त्याचा विषय. रशिया-चीन यावं, मध्यपूर्व यावी, व्हिएतनाम यावं. आंतरराष्ट्रीय चलनाचे प्रश्न येऊ नयेत, त्यांचे अहवालसुद्धा नकोत. बरं, हे काम ट्रेझरीवर, म्हणजे अर्थखात्यावर सोडायलाही ते तयार नव्हते. नवी चलनव्यवस्था हवी असं आपण कितीदा सांगितलं, पण ही मंडळी चाकोरी सोडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मग काम द्यायचं कुणाला? तर आर्थर बर्न्स यांना, तेही गाजावाजा न करता. आणि ते नाही म्हणाले तर आर्थिक सल्लागार मंडळावरचे हाउथॅकर. बर्न्स जेमतेम महिन्याभरापूर्वी फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष झाले होते. कायद्याने व्हाइट हाउसपासून स्वतंत्र असलेल्या संस्थेच्या प्रमुखाला व्हाइट हाउसचा आतला माणूस म्हणून वापरायचा हा बेत होता.

सतरा महिन्यांनी हेच निक्सन टीव्हीवर आले आणि डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं त्यांनी एका रविवारी रात्री तोडलं. मधल्या काळात काय झालं ते बहुतेक ठिकाणी अर्थशास्त्राच्या अंगाने सांगितलं जातं. पण हा सगळा प्रकार कचेरीच्या अंगाने पाहिला तर जास्त कळतो. चलनाच्या बोलण्यांत राष्ट्राध्यक्षाच्या वाट्याला खरे तीनच निर्णय येतात: तोंड कुणाचं, कागद कुणाचा आणि खोलीबाहेर कोण. दर किती, हे शेवटी याच तिघांतून निघतं.

आधी यंत्र समजून घेऊ. १९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानुसार डॉलर सोन्याला बांधलेला होता, ३५ डॉलरला एक औंस. बाकीची चलनं डॉलरला बांधलेली, ठरलेल्या दराच्या वरखाली एक टक्का एवढीच मोकळीक. डॉलर देऊन सोनं मागायचा हक्क सामान्य माणसाला नव्हता, फक्त परदेशी सरकारांना आणि मध्यवर्ती बँकांना होता. यालाच सोन्याची खिडकी म्हणत. महायुद्धानंतर अमेरिकेकडे २० अब्ज डॉलरहून अधिक सोनं होतं. १९७१ च्या उन्हाळ्यात ते १० अब्जांच्या आसपास आलं होतं, आणि परदेशी सरकारांच्या हातातले डॉलर त्याच्या कितीतरी पट झाले होते. सगळ्यांनी एकदम मागितलं तर द्यायला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी एकदम मागत नव्हतं.

अशा स्थितीत सल्लामसलत करणं हेच धोक्याचं होऊन बसतं. शेतीचं धोरण बदलायचं तर दहा खात्यांना कागद पाठवता येतो. चलनाचा दर बदलण्याचा विचार चालू आहे एवढं जरी फुटलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार तो दर बदलून टाकतो. त्यामुळे खोली लहान ठेवावी लागते. आणि खोली लहान ठेवली की ज्याला ठेच लागणार त्याचं म्हणणं मांडणारं कुणी आत उरत नाही.

सुरुवात मात्र नीट झाली होती. निक्सन यांनी शपथ घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी १९६९ ला, किसिंजर यांच्या सहीने राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा सातव्या क्रमांकाचा अभ्यासादेश निघाला. त्यातून चलनविषयक एक कायमचा कार्यगट उभा राहिला. अध्यक्ष ट्रेझरीचे उपसचिव पॉल व्होल्कर, म्हणून त्याला व्होल्कर गट म्हणू लागले. ट्रेझरी, परराष्ट्र खातं, फेडरल रिझर्व्ह, आर्थिक सल्लागार मंडळ आणि सुरक्षा परिषदेचा एक माणूस, एवढेच सभासद. सुरक्षा परिषदेतर्फे फ्रेड बर्गस्टेन बसत. गट लहान, खाती सगळी आत, आणि तयार झालेला कागद वर नेण्याची वाट एकच. चलनाच्या कामासाठी याहून चांगली रचना त्या सरकारात पुढे झाली नाही.

या गटाने २६ जून १९६९ ला निक्सन यांच्यासमोर पर्याय ठेवले. पहिला, आहे ती व्यवस्था हळूहळू वाकवायची: इतर देशांनी चलनं वर न्यावीत, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे विशेष हक्क, म्हणजे सोन्याला जोड म्हणून कागदावरची गंगाजळी, सुरू करावेत, दरांना जास्त मोकळीक द्यावी. दुसरा, खिडकी बंद करायची. तिसरा, सोन्याचा भाव वाढवायचा. शिफारस पहिल्याची. दुसरा पर्याय मात्र कपाटात जपून ठेवलेला: आणीबाणी आलीच तर याच क्रमाने करायचं, असा. दोन वर्षांनी कॅम्प डेव्हिडला जो कागद निघाला तो या कपाटातला. आयत्या वेळी कुणी नवं काही शोधलं नव्हतं.

मार्च १९७० च्या टिपणाने बिघडलं ते असं. वरून कागदाला गिऱ्हाईकच उरलं नाही. व्होल्कर गट बसत राहिला, टिपणं लिहीत राहिला, किसिंजर यांच्या कचेरीतून त्यांवर वरचा कागद लागत राहिला. पण अर्थशास्त्र हा किसिंजर यांचा विषय नव्हता, आणि तसं ते स्वतःही मानत. राष्ट्राध्यक्षाला एखादा विषय नकोसा असला तर तो विषय मरत नाही. ज्याला राष्ट्राध्यक्षाचा कान मिळेल त्याच्या हाती जातो. तो कान डिसेंबर १९७० मध्ये जॉन कॉनली यांना मिळाला. टेक्ससचे माजी गव्हर्नर, पक्षाने डेमोक्रॅट, केनेडींवर डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्याच गाडीत जखमी झालेले. फेब्रुवारी १९७१ मध्ये ते अर्थमंत्री झाले. चलनशास्त्राचा गंध नव्हता, पण घासाघीस कशी करायची ते पक्कं ठाऊक.

त्याच सुमारास, जानेवारी १९७१ मध्ये, निक्सन यांनी आंतरराष्ट्रीय आर्थिक धोरणाची एक नवी परिषद स्थापली आणि पीटर पीटरसन यांना तिचे कार्यकारी संचालक केलं. कागदावर सगळं छान. पीटरसन यांच्याकडे माणसं होती, आलेख होते, व्हाइट हाउसमध्ये जागा होती. निर्णय तेवढा नव्हता, कारण कॉनली परिषदेच्या दारातून न जाता थेट ओव्हल ऑफिसात जात. समन्वयाच्या परिषदांचं कुठल्याही सरकारात असंच होतं. तगडा मंत्री थेट वर जाऊ शकत असेल तर परिषद म्हणजे नुसतं टपालघर. वर्षभरात पीटरसन वाणिज्य मंत्री होऊन तिथून बाहेर पडले.

आता मे १९७१. जर्मन मार्कचा अधिकृत दर डॉलरला ३.६६. एक टक्क्याच्या नियमामुळे डॉलर ३.६३ ला टेकला की जर्मनीच्या बुंडेसबँकेला तो विकत घ्यावाच लागे, कितीही येवोत. ५ मे रोजी सकाळी बाजार उघडल्यावर पहिल्या ४० मिनिटांत तिने १ अब्ज डॉलर घेतले आणि खरेदी थांबवली. चार-पाच दिवसांत जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी आपली चलनं तरंगती सोडली, म्हणजे दर बाजारावर सोपवला, स्वित्झर्लंडने फ्रँक ७ टक्के वर नेला, ऑस्ट्रियाने शिलिंग ५ टक्के. सट्टेवाल्याला यात गमवायचं काहीच नसतं, हे लक्षात घ्या. मार्क वर गेला तर नफा, नाही गेला तर ज्या भावाने घेतला त्याच भावाने परत. मध्यवर्ती बँक मात्र दोन्ही बाजूंनी अडकलेली. बांधलेल्या दराचं हे दुखणं फार जुनं आहे.

२८ मे रोजी कॉनली म्युनिकमध्ये अमेरिकी बँकरांच्या परिषदेत ठासून म्हणाले, आम्ही अवमूल्यन करणार नाही, सोन्याचा भाव बदलणार नाही. अर्थमंत्र्याने असं म्हणायचंच असतं. ‘विचार चालू आहे’ असं म्हणणारा अर्थमंत्री त्याच दिवशी अवमूल्यन करून मोकळा झालेला असतो. इथे खोटं बोलणं कामाचाच भाग आहे. तेवढ्यासाठी तरी बोलणारं तोंड एकच लागतं. जूनअखेर निक्सन यांनी तेही ठरवलं: आर्थिक विषयांवर यापुढे सरकारतर्फे फक्त कॉनली बोलतील. बर्न्स मात्र काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, आणि भाषणांतून वेतन-किमतींच्या धोरणावर वेगळं बोलत राहिले. त्यांना वठणीवर आणायला त्यांनी स्वतःसाठी पगारवाढ मागितल्याची खोटी बातमी व्हाइट हाउसमधूनच पेरली गेली, आणि मग ऑगस्टच्या पत्रकार परिषदेत निक्सन यांनाच तिचं खंडन करावं लागलं. स्वतंत्र संस्थेचा प्रमुख आपल्या तंबूत ओढायला जावं तर असे उद्योग करावे लागतात.

खिडकी बंद करायचं निक्सन आणि कॉनली यांच्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच जवळजवळ ठरलं होतं. घाई नव्हती, सप्टेंबरमध्ये जाहीर करू, असा बेत. ६ ऑगस्टला काँग्रेसच्या एका उपसमितीने डॉलर फार महाग आहे असा अहवाल दिला आणि बाजार पळू लागला. १२ ऑगस्टच्या सुमारास ब्रिटनकडून निरोप आला. ब्रिटिशांनी ३ अब्ज डॉलरचं सोनं मागितलं, ही कथा अजून जागोजागी सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांना आपल्याकडच्या डॉलरच्या काही भागाची किंमत पडणार नाही अशी हमी हवी होती, मध्यवर्ती बँकांच्या नेहमीच्या स्वॅपच्या, म्हणजे चलनांच्या तात्पुरत्या अदलाबदलीच्या, वाटेने. लंडनहून फेडरल रिझर्व्हची न्यूयॉर्क शाखा, तिथून ट्रेझरी, तिथून व्हाइट हाउस, अशा तीन फोनांत ‘हमी द्या’चं ‘सोनं द्या’ झालं. गडबडीच्या दिवसांत असा निरोप लेखी मागवावा, निदान शेवटच्या माणसाने पहिल्याशी स्वतः बोलावं. ते झालं नाही. अर्थात निरोप बरोबर पोचला असता तरी खिडकी फार तर महिनाभर आणखी उघडी राहिली असती.

१३ ऑगस्ट, शुक्रवार. हेलिकॉप्टरने माणसं कॅम्प डेव्हिडला नेली. कुठे चाललोय हे घरीही सांगायचं नाही, बाहेर फोन करायचा नाही. आत कोण होतं? कॉनली, व्होल्कर, बर्न्स, अंदाजपत्रक कार्यालयाचे शुल्ट्झ, सल्लागार मंडळाचे मॅक्रॅकन आणि स्टाइन, पीटरसन, हाल्डेमन, अर्लिकमन, भाषण लिहायला सफायर, शिवाय दोन-चार सहायक आणि ट्रेझरीचा एक वकील. आता बाहेर कोण होतं ते पाहा. परराष्ट्रमंत्री रॉजर्स नव्हते, त्यांच्या खात्याचा एकही माणूस नव्हता. किसिंजर नव्हते, ते व्हिएतनामच्या गुप्त बोलण्यांसाठी पॅरिसच्या वाटेवर होते. आंतरराष्ट्रीय चलनव्यवस्था मोडायचा निर्णय जिथे झाला, तिथे परदेशाशी बोलणं हे ज्यांचं काम, त्यांच्यापैकी कुणीही नव्हतं.

वाद खरा एकच झाला. बर्न्स यांचं म्हणणं: वेतन-किमती गोठवा, खर्च कापा, आयातीवर अधिभार लावा, आणि एवढं करून खिडकी उघडी ठेवा. व्होल्कर यांना बोलणी करायला पाठवा. ती फसली तर बंद करायला खिडकी आहेच. ट्रेझरीचं उत्तर: एवढं सगळं जाहीर केल्यावर सोमवारी सकाळी जग खिडकीपाशी रांग लावेल, मग बोलणी कसली करता? या मुद्द्यावर ट्रेझरी बरोबर होती असं वाटतं. बर्न्स यांचा मार्ग गुप्तता टिकली तरच चालला असता, आणि पंधरा माणसांची गुप्तता दोन दिवसांहून जास्त टिकत नाही. निक्सन यांनी बर्न्स यांना वेगळं भेटून ऐकून घेतलं. निर्णय बदलला नाही, पण बर्न्स बाहेर येऊन विरोधात बोलले नाहीत. हरणाऱ्याला एकट्याने भेटायचा अर्धा तास इथे वसूल झाला.

अधिभाराबद्दल मात्र वाद व्हायला हवा तेवढा झाला नाही. आयातीवर १० टक्के जादा कर, हा कॉनली यांचा हुकमाचा पत्ता: इतरांनी चलनं वर नेली की काढून घेऊ. अमेरिकेच्या निम्म्याएक आयातीला तो लागू झाला आणि त्याची झळ कॅनडा आणि जपान या जवळच्या मित्रांना सगळ्यांत जास्त लागली. कॅनडाचा डॉलर तर वर्षभर आधीपासून तरंगताच होता. त्याने आणखी काय करायला हवं होतं? हा प्रश्न परराष्ट्र खात्याच्या कारकुनानेही विचारला असता. तो कारकून खोलीत नव्हता.

रविवारी, १५ ऑगस्टला, रात्री नऊला भाषण झालं. खिडकी बंद, अधिभार, वेतन-किमती ९० दिवस गोठवलेल्या, मोटारींवरचा ७ टक्के कर रद्द, सरकारी खर्चात ४.७ अब्ज डॉलरची कपात. नाणेनिधीचे प्रमुख श्वाइट्झर यांना ट्रेझरीत बोलावून टीव्हीसमोर बसवलं होतं. जपानचे पंतप्रधान सातो यांना भाषणाच्या काही मिनिटं आधी फोन गेला. महिन्यापूर्वी चीनभेटीची घोषणाही अशीच त्यांना ऐनवेळी कळली होती, आणि यावेळी तारीख नेमकी जपानच्या शरणागतीची. जपानीत या दोन धक्क्यांना अजून निक्सनचंच नाव आहे.

सोमवारी व्होल्कर लष्करी विमानाने लंडनला गेले, युरोपातल्या समपदस्थांना भेटले, आणि तिथे या यंत्रणेचं दुसरं भोक दिसलं. खिडकी बंद करायची योजना दोन वर्षं कपाटात तयार होती. बंद केल्यानंतर काय मागायचं याची नव्हती. कुणाचं चलन किती वर जावं, याचा आकडा त्यांच्याकडे नव्हता. युरोपने बाजार आठवडाभर बंद ठेवले. जपानने उघडे ठेवले आणि ३६० येनच्या दराने डॉलर घेत राहिला. २८ ऑगस्टला येन तरंगता सोडेपर्यंत सुमारे ४ अब्ज डॉलर अंगावर घेऊन बसला. त्यातले बरेचसे जपानी कंपन्यांनी आणि बँकांनीच आपल्या मध्यवर्ती बँकेला विकलेले.

आकडा आला तो सप्टेंबरच्या मध्यात, दहांच्या गटाच्या, म्हणजे दहा श्रीमंत औद्योगिक देशांच्या, लंडन बैठकीत. अमेरिकेचा व्यवहारतोल, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या जमाखर्चाचा हिशेब, १३ अब्ज डॉलरने सुधारायला हवा, असं कॉनली यांनी सांगितलं. ट्रेझरीच्या माणसांनी तो गणिताने काढला होता: तूट भरून निघावी, वर परदेशी मदत आणि गुंतवणूक भागेल एवढं शिल्लक उरावं. गणित म्हणून ठीक. पण एकाची तूट १३ अब्जांनी कमी व्हायची तर बाकीच्यांची शिल्लक तेवढीच घटायला हवी, आणि कुणाची किती, यावर कागद कोरा. मागणीचा आकडा मोठा आणि वाटणी समोरच्यांवर सोडलेली, अशा बोलण्यांत समोरचे आपसांत भांडतील अशी आशा असते. इथे उलट झालं, ते अमेरिकेविरुद्ध एक झाले.

अधिभाराचंही तेच. दबावाचं असं हत्यार पहिल्या महिन्यात धारदार असतं, तिसऱ्यात बोथट होतं, पाचव्यात समोरचा स्वतःचं हत्यार काढतो. लावतानाच ‘हे झालं की काढू’ अशी नेमकी अट आणि मनात एक तारीख लागते. कॉनली यांना घाई नव्हती. तारीख आली ती किसिंजर यांच्याकडून. फेब्रुवारीत बीजिंग, मे मध्ये मॉस्को. त्याआधी दोस्त राष्ट्रांची नाराजी संपवायला हवी होती. बर्न्सही त्यांच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर-जानेवारीत फ्रान्सचे पोम्पिदू, ब्रिटनचे हीथ, जर्मनीचे ब्रांट, जपानचे सातो अशा भेटी लागल्या, आणि ऑगस्टमध्ये खोलीबाहेर राहिलेलं परराष्ट्र धोरण डिसेंबरात टेबलाच्या मधोमध येऊन बसलं.

त्याआधी रोम, ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर. दहांच्या गटाचं अध्यक्षपद पाळीने कॉनली यांच्याकडे होतं, त्यामुळे अमेरिकेतर्फे बोलायला व्होल्कर. ही वाटणी योगायोगाची, पण कॉनली यांनी तिचा सुरेख उपयोग केला. डॉलरचं सोन्यातलं मोल उतरवायला अमेरिका आजवर नाही म्हणत होती. व्होल्कर यांनी गृहीतक म्हणून विचारलं, समजा उतरवलं तर तुम्ही काय कराल? कॉनली यांनी खुर्चीवरून आकडा पुढे सरकवला, समजा १० टक्के. सभागृह गप्प. बऱ्याच वेळाने जर्मनीचे अर्थमंत्री शिलर बोलले, आम्हाला चालेल आणि वर आणखी थोडं देऊ. हाताखालच्याने ‘समजा’ म्हणायचं आणि वरच्याने ते ऐकून घ्यायचं, यात दोघांनाही मागे फिरायला जागा राहते.

१३ आणि १४ डिसेंबरला अझोर्स बेटांवर निक्सन आणि पोम्पिदू भेटले. पोम्पिदू एकेकाळी बँकेत काम केलेले, पाठ आकडे असलेले. त्यांच्याशी चलनाची बोलणी नाश्त्याच्या टेबलावर किसिंजर यांनी केली. व्होल्कर आणि कॉनली यांनी पढवून पाठवलेलं, बाकी भरवसा स्वतःवर. ठरलं ते असं: औंसाला ३८ डॉलर, दरांची मोकळीक वरखाली २.२५ टक्के, आणि फ्रान्सचा फ्रँक सोन्याच्या हिशेबात आहे तिथेच राहील. फ्रान्सला हेच हवं होतं, अमेरिकेने स्वतः काही खाली ठेवावं. त्याच दोन दिवसांत भारतीय सैन्य ढाक्याच्या दिशेने सरकत होतं. परतीच्या विमानात किसिंजर यांनी वार्ताहरांना सूचित केलं, की रशियाने भारताला आवरलं नाही तर मॉस्कोच्या भेटीचा फेरविचार होईल. राष्ट्राध्यक्षाचा एकच सल्लागार एकाच दिवशी सकाळी सोन्याचा भाव आणि संध्याकाळी बांगलादेश हाताळत होता. ही ताकद म्हणावी की अव्यवस्था, हे ज्याने त्याने ठरवावं.

१७ आणि १८ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेत दहा देश बसले. कॉनली एकेकाला बाजूला घेऊन दर ठरवत गेले. जपानचे अर्थमंत्री मिझुता १७ टक्के नको म्हणून हटून बसले: १९३० मध्ये येन सोन्याशी पुन्हा बांधताना एवढाच वर नेला आणि ते करणाऱ्या अर्थमंत्र्याचा पुढे खून झाला, हे त्यांनी सांगितल्याचं नोंदलेलं आहे. तडजोड १६.८८ वर झाली, ३६० चे ३०८ येन. मार्क १३.५७, ३.२२२५ ला डॉलर. पौंड आणि फ्रँक सोन्यात जागच्या जागी, म्हणजे डॉलरसमोर ८.५७ टक्के वर.

या टक्क्यांची एक गंमत आहे. ३५ चे ३८ म्हणजे सोनं ८.५७ टक्क्यांनी महाग. पण डॉलरकडून पाहिलं तर तो ७.८९ टक्क्यांनीच उतरला. येन डॉलरसमोर १६.८८ टक्के चढला, सोन्यासमोर अवघा ७.६६. त्याच बदलात डॉलर येनसमोर १४.४ टक्के उतरला. करार एकच, आणि प्रत्येक अर्थमंत्री घरी जाऊन आपल्याला सोयीचा आकडा सांगू शकतो. चलनाच्या वाटाघाटी मिटतात त्या बऱ्याचदा यामुळेच. मुरलेला अधिकारी प्रत्येक दराचा तक्ता तिन्ही पद्धतीने काढूनच बैठकीला जातो.

निक्सन शेवटी आले आणि जगाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा चलन करार म्हणून गेले. २० डिसेंबरला अधिभार उठला. खिडकी मात्र बंदच राहिली, म्हणजे ३८ हा ज्या भावाने अमेरिका सोनं देत नव्हती तो भाव.

त्याच २० डिसेंबरला भारताने रुपया पुन्हा पौंडाला बांधला, १८.९६७७ ला एक पौंड. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. दहांच्या गटात भारताला जागा नव्हती. चार महिने रुपया डॉलरला साडेसात असा धरून ठेवायचा आणि दहा जणांचं ठरलं की आपलं ठरवायचं, एवढंच दिल्लीच्या आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या हाती. नव्या दराने रुपया पौंडासमोर सुमारे ५ टक्के उतरला आणि डॉलरसमोर ३ टक्के चढला, डॉलर ७.२८ च्या आसपास. सहा महिन्यांत पौंडच तरंगायला लागला आणि रुपया त्याच्यासोबत खाली गेला. सप्टेंबर १९७५ मध्ये तो पौंडापासून सोडवून अनेक चलनांच्या टोपलीला बांधला.

पौंड तरंगला ती तारीख २३ जून १९७२. त्या सकाळी ओव्हल ऑफिसात हाल्डेमन यांनी निक्सन यांना ही बातमी दिली. ते संभाषण ध्वनिफितीवर आहे. निक्सन यांना तिच्यात रस नव्हता. बर्न्स यांना आता इटलीच्या लिराची काळजी वाटते आहे असं सांगितल्यावर लिराची आपल्याला काय पडली आहे, असं ते शिवी घालून म्हणाले. ही तीच ध्वनिफीत, जिच्यातल्या वॉटरगेटबद्दलच्या बोलण्याने पुढे त्यांचं पद गेलं. मार्च १९७० च्या टिपणात जे लिहिलं होतं ते तसंच्या तसं शिल्लक होतं.

तोवर कॉनली पद सोडून गेले होते आणि शुल्ट्झ अर्थमंत्री झाले होते. शुल्ट्झ यांनी व्होल्कर यांना ठेवून घेतलं, बर्न्स यांच्याशी बोलणं सुरू ठेवलं आणि राष्ट्राध्यक्षाकडे जाताना कागद एकच नेला. फेब्रुवारी १९७३ मध्ये पुन्हा डॉलर पळाला, बुंडेसबँकेवर आठवडाभरात सुमारे ६ अब्ज डॉलर कोसळले. या खेपेस भाषण झालं नाही, अधिभार लागला नाही. व्होल्कर लष्करी विमानाने गुपचूप टोकियोला गेले, तिथून बॉन, लंडन, पॅरिस, रोम. पाच दिवसांत सुमारे ३१,००० मैल. आधी टोकियो, कारण येन वर गेल्याशिवाय युरोप हलणार नव्हता. हातात एक वाक्याचा प्रस्ताव: आम्ही १० टक्के उतरतो, तुम्ही जागचे हलू नका, येन तरंगेल. १२ फेब्रुवारीच्या रात्री शुल्ट्झ यांनी तो जाहीर केला, औंसाला ४२.२२ डॉलर. १९७१ ला चार महिने लागलेलं काम पाच दिवसांत, आणि कुणीही मित्र न दुखावता.

१ मार्चला बुंडेसबँकेवर एका दिवसात अडीच अब्जांहून जास्त डॉलर येऊन पडले. बाजार बंद झाले, आणि १९ मार्चला उघडले तेव्हा युरोपची मुख्य चलनं डॉलरसमोर तरंगत होती.